भोंग्याचं लिहा

गडब, १२ नोव्हेंबर २०२४

चि. निशिगंधा,

रविवारी तुझा भाऊ रोह्याहून टेम्पो घेऊन तुझं सामान न्यायला येतोय, असं तू तुझ्या सासूला, मैनाला कळवलंस. येऊ दे. कोणी अडवणार नाही. पण टेम्पो दारात उभा राहिला की उचलाउचल होते, आणि मग कुणाचं काय ते कळत नाही. म्हणून मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू इथे लिहून देतो. त्या सोडून काय न्यायचं ते न्या.

पुढच्या खोलीतला बेंजो. लाकूड शिवणीचं, बटणं जुन्या टाइपरायटरची. भिंतीवरची स्पीकरची दोन खोकी, ज्यांत खिळा एक नाही, सगळे सांधे सरसाचे. त्यांच्या मधला अॅम्प्लिफायर, ज्याला तू कुकर म्हणायचीस, कारण तापला की झाकण उचलून ठेवावं लागतं. शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारा पंखा. माळ्यावरचा तांब्याच्या नळीचा अँटेना, तो तसाही कुणाला नकोय. आणि टीव्हीखालचं टेबल. टीव्ही तुझ्या वडिलांनी लग्नात दिलेला, तो तुझा. टेबल माझं. त्याचा डावा पाय एक सूत लांब आहे, कारण आपली फरशी तिकडे उतरते. रोह्याच्या घरात ते डुगडुगेल. जितेशचा पाळणाही मीच केला होता, पण तो मोडून त्याच फळ्यांचं एक खोकं झालं, म्हणून धरत नाही.

मायन्यात सौ. लिहिलेलं नाही. दुसरं जे लिहायची पद्धत आहे ते लिहायला बसलो, पण हात चालला नाही. चि. कुणालाही चालतं. आणि तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आपल्या गाण्याच्या कार्यक्रमाची अंतिम फेरी मी बघितली. तू बघितलीस की नाही माहीत नाही. सोलापूरचा मुलगा जिंकला. तुझी महाडची मुलगी तिसरी आली. माझं मत तेच: तिचा आवाज मशीनने सरळ केलेला होता. वरच्या स्वरावर जाताना माणसाचा आवाज थोडा घसरतो, मग धरतो. तिचा जिना चढल्यासारखा पायरीपायरीने चढला. परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सोलापूरचा दुसऱ्या कडव्यात चक्क बेसूर झाला आणि तरी तो खरा होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आबा, तुम्ही गाणं ऐकतच नाय. वायरिंग ऐकता." एरवी मी चिडलो असतो.

हर्षद येऊन गेला. ठेकेदाराचा माणूस, बाराव्याला सफारी घालून आलेला तोच. कागद आणला होता. जितेश क्रेनखाली गेला तेव्हा कानात इयरफोन घालून गाणी ऐकत होता, क्रेन मागे येताना भोंगा चालू होता पण त्यामुळे त्याला ऐकू आला नाही, चूक त्याचीच, आमची काही तक्रार नाही, असं त्यात आहे. खाली दोन सह्या, बायकोची आणि बापाची. त्या केल्या की मदत म्हणून रक्कम, तुझ्या नावावर. तू त्याला म्हणालीस म्हणे, आबांनी केली तर मी करीन.

जितेशने इयरफोन कधी घातला नाही. गाण्याला हवा लागते हे मी त्याला लहानपणीच सांगितलेलं. भोंग्याबद्दल तुला आणि मला काय ते माहीत आहे, ते इथे लिहीत नाही. कागद ठेवून घेतलाय. सही केलेली नाही.

तुझे आबा


गडब, २६ नोव्हेंबर २०२४

चि. निशिगंधा,

टेम्पो येऊन गेला. माझी यादी तुझ्या भावाने नीट वाचली, चांगला मुलगा आहे. पण टेबल गेलं. मी मागच्या दारी होतो तेवढ्यात मैनाने दिलं. विचारलं तर म्हणाली, "नुसता टीवी काय डोक्यावर ठेवल ती?" डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाल. चालेल.

टीव्ही गेल्यावर भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिलाय. मी मालिका आता मोबाइलवर बघतो. तुझ्या त्या दोन जावांच्या मालिकेत धाकटी जिन्यावरून पडली आणि तिची स्मृती गेली. मला फक्त एवढंच खटकलं की जिना सिमेंटचा आणि पडण्याचा आवाज लाकडी. आवाज घालणाऱ्याने जिना बघितलाच नसणार. शिवाय कोणी काही बोललं की तीनदा वीज कडाडते. ही कडकड गेली सहा वर्षं एकच आहे, मी ओळखतो तिला. शेवटी पत्रा थरथरल्यासारखी जाते.

मागच्या आठवड्यात पेणला काम होतं. वेळ होता म्हणून सिनेमाला बसलो. खंडाळ्याच्या घाटातला मारामारीचा आहे, नाव सांगत नाही, तू बघू नकोस. गाणी बरी, ढोलकी खरी वाजवलेली. मध्यंतरानंतर हिरोच्या भावाला गोळी लागते, आणि तो आईला, बहिणीला, हिरोला, सगळ्यांना काय काय सांगत राहतो. मागे सनई. आधी असले प्रसंग मला आवडायचे, तुला माहीत आहे. माणूस मरताना एवढं बोलत नाही. सखा तिथे पाच हातांवर होता, जितेशबरोबर लोखंडाला पट्टे बांधायला असतो तो. तो सांगतो, जितेशच्या तोंडून शब्द निघाला नाही. फोन त्याच्या डब्याच्या पिशवीत होता, पिशवी खिळ्याला होती, हेही सखानेच सांगितलं. मग मी म्हटलं, हे जबाबात सांगशील? तो म्हणाला, "काका, माझी पन पोरं हायत. नाय जमायचं." मी त्याला दोष देत नाही. अर्धा सिनेमा सोडून बाहेर आलो.

पोलिसांनी जितेशचा फोन परत दिला तो माझ्याकडे आहे. त्यात तो तुमचा खेळ आहे, ज्यात चारजण बेटावर उतरतात आणि एकमेकांना मारतात. तुम्ही दोघं जेवण सोडून तो खेळायचात तेव्हा मी ओरडायचो. आता मी तो खेळून बघितला, कारण न बघता मत द्यायची मला सवय नाही. चित्रं साधारण. पण आवाजाचं काम फार उत्तम आहे. मागून कोणी आलं तर पावलं कोणत्या बाजूने येतायत, किती लांब आहेत, सगळं कळतं. मात्र त्याला इयरफोन लागतो. तू जितेशला हेच सांगायचीस ना, इयरफोन घाल, मागचा ऐकू येत नाही तुला. तो घालायचा नाही आणि दर डावात मागून मरायचा. मग तू हसायचीस.

परवा मी खेळ उघडला आणि कोपऱ्यात तुझं नाव हिरवं झालं. म्हणजे तूही तेव्हा तिथे होतीस. तुला जितेशचं नाव हिरवं दिसलं असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही. तू लिहिलंस, "कोण?" उत्तर कुठे लिहायचं ते मला सापडेना. सापडलं तोवर तू निघून गेली होतीस.

मी होतो. दुसरं कोणी नाही.

तुझे आबा


गडब, ९ डिसेंबर २०२४

चि. निशिगंधा,

तुझा फोन मैनाला आला. ती चुलीपुढे बसून तुझ्याशी बोलत होती, मी दाराशी होतो. फोन ठेवल्यावर म्हणाली, "ती म्हनते, त्यांना सांगा टीवीचं नका लिवू. भोंग्याचं लिवा." आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून भोंग्याचं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, पण मी कधी तोंडाने म्हटलेलं नाही.

दसऱ्याआधीच्या गुरुवारी जितेशने भोंगा घरी आणला. क्रेन मागे येताना वाजतो तो. बंद पडला होता. यार्डातला साहेब त्याला म्हणाला, नवा कशाला घ्यायचा, तुझा बाप करून देईल. जितेशला या गोष्टीचा मोठेपणा वाटला होता. सायकल लावायच्या आधीच त्याने मला सांगितलं.

मी उघडला. आतल्या पडद्याला तडा होता. डाग देऊन बुजवला असता तर तासाभरात वाजला असता. आवाज फाटका आला असता, पण यार्डभर ऐकू गेला असता. मी म्हणालो, असलं काम माझ्या टेबलावरून जात नाही. शुक्रवारी पेणला जाऊन पडद्याचा पत्रा आणला. तो जाड निघाला. शनिवारी दसरा. आपल्याकडे हत्यारं पुजली की दुसऱ्या दिवशी नारळ फुटेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पक्कड, कानस, डाग द्यायची कांडी, सगळं पाटावर मांडलं. भोंगा उघडाच होता, तोही पाटावर ठेवला. मैनाने त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी जितेश म्हणाला, "आबा, नुसता वाजला तरी बास. सोमवारी क्रेन चालवणार आहेत." मी म्हणालो, आज हत्यार उचलत नाहीत, माहीत नाही का तुला. रात्री आपण तिघांनी उपांत्य फेरी बघितली. तू महाडच्या मुलीची बाजू घेतलीस आणि मी तुझ्याशी तासभर भांडलो. फार मजा आली होती, हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण आली होती.

रविवारी नारळ फोडून कामाला बसलो. कानशीने पत्रा थोडा पातळ करायचा, बसवायचा, वाजवून बघायचा, पुन्हा काढायचा. दिवस मावळायच्या आत भोंगा वाजायला लागला. चांगला वाजत होता. शेजारची गिरजाबाई बघायला आली, काय झालं म्हणून. फक्त सुरुवातीला जरा बसका यायचा, मग उचलायचा. मला ते पटेना. मी पडदा पुन्हा काढला.

सोमवारी सकाळी तो टेबलावर उघडाच होता. जितेशने डबा घेतला, भोंग्याकडे बघितलं, म्हणाला, राहू दे, उद्या नेतो.

तेराव्याला तू पिशवी भरलीस आणि उंबऱ्यात उभी राहून मला म्हणालीस, "भोंग्यालासुद्धा तुम्हाला सूर पाहिजे होता, आबा." उत्तर माझ्याकडे होतं. भोंगा नाही तर क्रेन चालवू नये, ही त्यांची जबाबदारी. भोंगा नसताना ती मागे घ्यायला मी सांगितलं नव्हतं. यात चूक काढता येणार नाही. तेव्हापासून हेच मी स्वतःला सांगतो, रोज. मैनाला एकदा सांगितलं. ती म्हणाली, "व्हय." आणि आत गेली.

आता कागदाचं. कागद म्हणतो भोंगा चालू होता. मी सही केली की तो चालूच होता असं ठरतं; माझ्या टेबलावर कधी नव्हताच. जितेश गाण्याच्या नादात गेला, आणि पेणपासून कोलाडपर्यंत या महिपतीचं काम नावाजलेलं ते नावाजलेलंच राहतं. हर्षदला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो ते बोलत नाही, चहा पिता पिता टेबलाकडे बघतो. मलाही माहीत आहे. कागद मी फाडला नाही तो म्हणून. आणि आबांनी केली तर मी करीन असं तू का म्हणालीस, तेही मला आता कळलंय असं वाटतं.

पडदा अजून बसवलेला नाही.

आबा


गडब, २४ जानेवारी २०२५

चि. निशिगंधा,

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी मी गडबच्या फाट्यावर पेणच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी एक बाई आणि तिचा कॉलेजातला मुलगा. आपल्या गावची नव्हे, वरच्या वाडीची असावी. मुलगा कानात घालून गाणी ऐकत होता. गाडी आली, त्याला कळलं नाही. बाईने त्याच्या कानातली वायर ओढून काढली आणि म्हणाली, "त्या महिपतीच्या पोरासारका मरशील एक दिस."

ती मला ओळखत नव्हती. मी त्यांच्याच गाडीत चढलो, पेणला उतरलो, काय घ्यायला आलो होतो ते आठवेना. पुढच्या गाडीने परत आलो.

म्हणजे मी सही केली नव्हती तरी ती झालेलीच होती. आता आया पोरांना जितेशचं नाव घेऊन भीती घालणार. त्याला गाण्याचं वेड होतं हे खरं, मीच लावलं. पण कामावर तो कसा होता ते तुला ठाऊक आहे. पट्टा दोनदा ओढून बघितल्याशिवाय क्रेनला हात वर करायचा नाही. हे त्याने माझ्याकडून घेतलं होतं.

रविवारी हर्षद आला. या वेळी सफारी नव्हती, साधा शर्ट होता, आणि मिठाई आणली होती. मैनाने पुडा उघडला नाही. काय काय बोलला ते शेवटी लिहितो. तो गेल्यावर मी भोंगा पिशवीत घातला. झेंडू वाळून आत पडला होता, तो काढला नाही. मागच्या बाजूला क्रेनचा नंबर पांढऱ्या रंगाने घातलेला आहे, तो पुसू नये म्हणून वर फडकं गुंडाळलं.

सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. मालिकांमध्ये जबाब देतात तेव्हा मागे तबला वाजतो आणि सगळे एकमेकांकडे तीन तीन वेळा बघतात. इथे पंखा वाजत होता, त्याची बेअरिंग गेलेली. हवालदार वयस्क होता. त्याने भोंगा उलटसुलट केला, म्हणाला, वाजवून दाखवा. मी म्हणालो, वाजत नाही, याला पडदा नाही. कुठे आहे पडदा? माझ्याकडे. का काढला? मग मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून. रविवारी वाजत होता हेही सांगितलं. तिथे त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "हे लिहू? वाजत होता आणि तुम्ही परत खोलला, हे? यात तुमचंच नाव खराब होतंय." मी म्हणालो, लिहा. नाहीतर पुढचं जुळत नाही. त्याने लिहिलं. वाचून दाखवताना एका ठिकाणी पडद्याऐवजी पत्रा म्हणाला, मी दुरुस्त करायला लावलं. मग सही केली.

आता वकील, तारखा, अलिबागच्या खेपा. तुझी रीतसर भरपाई मिळेल असं वकील म्हणतो. कधी ते सांगत नाही. तुला जबाबाला बोलावतील. इयरफोनचं विचारतील, दसऱ्याचंही विचारतील. बघितलंस तसं सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.

गावात कळलंय. काल एकजण दुरुस्तीला दिलेला मिक्सर तसाच परत घेऊन गेला. त्याचं बरोबर आहे.

टीव्हीचं नको म्हणालीस म्हणून लिहीत नाही. फक्त एवढंच की कार्यक्रमाचं नवं पर्व सुरू झालंय आणि मी ते बघत नाही.

हर्षदचं राहिलं. ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, कारण मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस की नाही, हे मला खरोखर माहीत नाही. तुझ्या आईचं औषध, ते दुकानातलं काम, सगळं मैनाने मला सांगितलेलं आहे. तो म्हणाला, कागदावर सही करा आणि भोंगा द्या. मग पुढे म्हणाला, नुसता नको, काका, दुरुस्त करून द्या, तुम्हाला हवा तसा, घाई नाही, आम्ही तो परत क्रेनवर बसवतो म्हणजे प्रश्नच मिटला. चेक त्याच्या खिशात होता, तुझं नाव त्यावर आधीच घातलेलं. मी नाही म्हणालो.

अठरा लाख.